वाचकांचे प्रश्न : मोबाईल, मेसेज आणि घरात लपवलेल्या गोष्टी

प्रश्न : माझे वडील सांगलीला असतात, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या व्हॉट्सॲपवरून 'आरटीओ ई-चलान' नावाची फाईल आली. स्कूटरचा दंड असेल म्हणून त्यांनी ती उघडली, पण काहीच दिसलं नाही. नंतर पासबुक भरायला गेले तेव्हा 46 हजार गेल्याचं कळलं. आम्ही ओरडू म्हणून दोन दिवस कुणाला काही बोलले नाहीत. पैसे परत मिळतील का? फोनचं काय करायचं? — एक वाचक, पुणे

उत्तर : 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन केलाय का? नसेल तर पुढचं नंतर वाचा, आधी तो करा. खात्याचा नंबर, ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो क्रमांक), रक्कम, तारीख-वेळ एवढं हाताशी ठेवा. या हेल्पलाईनचं काम म्हणजे पैसे ज्या खात्यात गेलेत तिथेच गोठवता येतात का बघणं. चोरटे ते पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवतात आणि काढून घेतात, म्हणून तासागणिक आशा कमी होत जाते. दोन दिवस गेलेत म्हणजे सगळे परत मिळतील असं सांगता येणार नाही, पण तक्रार केल्याशिवाय काहीच मिळणार नाही हे नक्की. सोबत बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून त्या पोचेवरची तारीख आणि वेळ महत्त्वाची.

आता ती फाईल. नाव चलानाचं असलं तरी शेवटी 'डॉट एपीके' असतं, म्हणजे तो फोटो नाही, पीडीएफ नाही, ते अख्खं ॲप असतं. इन्स्टॉल करताना फोन एकदोनदा अडवतो, 'अननोन ॲप' वगैरे म्हणतो, आपण घाईत अलाऊ अलाऊ दाबत जातो, आणि तिथेच ते एसएमएस वाचायची परवानगी घेतं. मग ओटीपी आला की तो चोरट्याकडे आपोआप पोचतो, आणि काही ॲप्स तर बँकेचा मेसेज तुमच्या डोळ्यासमोर येऊच देत नाहीत. वडिलांना पैसे गेल्याचं पासबुकावर कळलं त्याचं कारण बहुतेक हेच, त्यांचं लक्ष नव्हतं असं मुळीच नाही. आणि सहकाऱ्याने मुद्दाम पाठवलं असंही नाही, त्यांचाही फोन असाच चोरट्यांच्या ताब्यात गेलेला असणार आणि तिथून सगळ्या कॉन्टॅक्टना फाईल गेली असणार. त्यांना फोन करून सांगा, व्हॉट्सॲपवर सांगत बसू नका.

फोन लगेच एरोप्लेन मोडवर टाका आणि वाय-फाय बंद आहे ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कॉल करून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड ब्लॉक करा, नंबर कार्डाच्या मागचाच घ्या, गुगलवर शोधून मिळालेला नको, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पसरलेले असतात. ती फाईल आलेला चॅट डिलीट करू नका, दुसऱ्या मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतो. त्यानंतरच फोटो वगैरे काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा, नुसतं ॲप काढून भागेल यावर विसंबू नका कारण कधी कधी त्याचं आयकॉनच दिसत नाही. रीसेटनंतर सिम चालू झालं की ##002# डायल करा, कुणी कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवलं असेल तर ते निघतं. ईमेलचा पासवर्ड आधी बदला, दुसऱ्या फोनवरून, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड त्या ईमेलवरूनच रीसेट होतात. खरं चलान बघायचं असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानाच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकून दिसतं, त्यासाठी कुणी पाठवलेली फाईल लागत नाही.

आणि वडिलांशी नीट बोला. 46 हजारांपेक्षा मला त्यांचे ते गप्प राहिलेले दोन दिवस मनाला जास्त लागले. आयुष्यभर वर्गाला शिकवलेला माणूस पोराच्या ओरडण्याच्या धाकाने गप्प बसतो हे वाईट आहे, आणि चोरट्यांना नेमकं हेच गप्प बसणं पाहिजे असतं. "बाबा, काहीही दाबलं गेलं तरी रात्री दोनला फोन करा, मी एक शब्द बोलणार नाही" असं त्यांना स्वतःहून सांगा, आणि मग खरंच बोलू नका.

प्रश्न : मुलगी 15 वर्षांची, दहावीत. तिच्या इन्स्टाग्रामवरच्या फोटोंवरून कुणीतरी घाणेरडे फोटो बनवलेत आणि पाच हजार दे नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो अशी धमकी देतोय. तिने मला काल सांगितलं. यजमान म्हणतात पैसे देऊन विषय संपवू आणि तिचा फोन काढून घेऊ. पोलिसात गेलं तर नाव बाहेर येईल का? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तिने तुम्हाला सांगितलं यात अर्धं काम झालंय. पैसे देऊ नका. एकदा दिले की हे घर देतं हे त्याला कळतं आणि तो पुन्हा येतो. ब्लॉक करण्याआधी धमकीचे मेसेज, त्याचं युजरनेम, प्रोफाईलची लिंक, पैसे मागितलेला यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. मग नॅशनल सायबर क्राईम पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे तिथे तक्रार टाका. निनावी तक्रारीचीही सोय आहे, पण नाव देऊन केली तर तिचं पुढे काय झालं ते बघता येतं, आणि धमकी चालू असताना तेच बरं. पोलीस स्टेशन तुमच्या हद्दीतलंच हवं असंही नाही, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो. मुलगी 18 च्या आतली म्हणजे पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो, आणि त्यात मुलांची ओळख जाहीर करायला मनाई आहे. कोण काय म्हणेल म्हणून थांबू नका. चाइल्डलाईनचा 1098 नंबरही आहे.

फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे, 18 च्या आतल्या वयातल्या फोटोंसाठीच. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो, मग इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो ओळखून काढू शकतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमधलं यातून निघत नाही, म्हणून पोलीस तक्रार हवीच.

फोन काढून घेण्याबद्दल मात्र यजमानांना माझ्याकडून हात जोडून सांगा, नका घेऊ. एक तर पुरावा त्याच फोनमध्ये आहे. आणि आईला सांगितलं म्हणून शिक्षा मिळाली असं तिच्या मनात बसलं तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि ते या फोटोंपेक्षा धोक्याचं आहे. तिच्या शेजारी बसून दोघींनी मिळून अकाउंट प्रायव्हेट करा, फॉलोअर्समधले अनोळखी काढा. 2025 पासून भारतात इन्स्टाग्रामची टीन अकाउंट सुरू झाली आहेत, त्यात 16 च्या आतल्या मुलांना बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. तिने जन्मतारीख खरी टाकली आहे ना ते बघा, बरीच मुलं वय वाढवून टाकतात आणि मग यातलं काही लागू होत नाही.

प्रश्न : आमच्या भावकीच्या ग्रुपवर मोठे दीर 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असले मेसेज, फोटोंसकट, सारखे टाकतात. मी एकदा बोलले तर म्हणाले, खबरदारी म्हणून टाकलं, त्यात काय बिघडलं? — एक वाचक, जळगाव

उत्तर : काय बिघडतं ते तुमच्या शेजारच्याच धुळे जिल्ह्यात घडलंय. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी अशी अफवा मोबाईलवरून आधीच पसरलेली होती, लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही जण गेले. त्या अफवा पुढे पाठवणाऱ्यांतल्या कित्येकांनी खबरदारी म्हणूनच पाठवल्या असतील. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

दिरांना ग्रुपवर सगळ्यांसमोर खोटं पाडू नका, ते जास्तच हट्टाला पेटतील. वेगळा फोन करा, राईनपाड्याचं सांगा. म्हणावं भाऊजी, खरंच शंका असेल तर 112 ला फोन करू, पोलीस येऊन बघतील, फोटो फिरवून त्या माणसाच्या जिवावर बेतायला नको. मेसेजवर दोन बाण दिसले की तो खूप वेळा फॉरवर्ड झालेला असतो, मूळ कुणाचा ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि ॲडमिन कुणी समजूतदार असेल तर त्याला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्याच्याशी बोलून ठेवा.

प्रश्न : सोसायटीचा सेक्रेटरी झालोय. सगळ्या सभासदांना एकच ईमेल पाठवतो तर एकाने तक्रार केली की माझा पत्ता सगळ्यांना दिसला. यात गैर काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यांची तक्रार बरोबर आहे. ते पत्ते 'टू' मध्ये न टाकता 'बीसीसी' मध्ये टाका, तिथले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत, 'टू' मध्ये स्वतःचाच पत्ता द्या. नाहीतर एखाद्या सभासदाचा ईमेल हॅक झाला की सगळ्या सोसायटीचे पत्ते एकगठ्ठा चोरट्याच्या हातात, आणि मग सेक्रेटरीच्या नावाने 'मेंटेनन्स या नवीन खात्यात भरा' असा ईमेल यायला वेळ लागत नाही. तुमच्या सभासदांना आत्ताच कळवून ठेवा की सोसायटीचं खातं बदललं तर नोटीस बोर्डावरही लागेल, नुसत्या ईमेलवर कुणी पैसे भरू नयेत. फोन नंबर आणि फ्लॅट नंबरांची एक्सेल शीट ग्रुपवर टाकायची पद्धतही बंद करा. आणि चुकून 'टू' मध्ये गेलंच तर जीमेलमध्ये पाठवलेला ईमेल परत घ्यायची सोय असते, कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये जाऊन तो वेळ 5 सेकंदांवरून 30 करून ठेवा.