आयरिश रॉक बँड यू-टूचा 'वॉर' अल्बम खरंच राजकीय आहे की नुसती घोषणाबाजी? पहिल्यांदा ऐकताना सुरुवात कुठून करू?

राजकीय आहे. पण 'घोषणाबाजी' हा शब्द मला झोंबला. एका घोषणेपायीच माझा बँड मोडला, म्हणून लिहितोय.

१९९४, पुणं. आम्ही चौघं, मी ड्रमर. गॅदरिंगला 'वॉर'मधलंच 'संडे ब्लडी संडे' वाजवायचं ठरलं. हे गाणं ड्रमवर सुरू होतं. ड्रमरने ठोका दिल्याशिवाय बाकीच्यांना काही करताच येत नाही. कवायतीला वाजावा तसा स्नेअर, म्हणजे कडकडीत आवाजाचा छोटा ड्रम, आणि त्यावर हाय-हॅटची, म्हणजे झांजांच्या जोडीची, सलग टिकटिक. दोन महिने मी ते उशीवर घोटलं. उशीवरून काठी उसळत नाही, दर वेळी मनगटानेच उचलावी लागते. डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला, त्यावर चिकटपट्टी लावून पुन्हा सुरू. डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत यू-टूच्या ड्रमरचे, लॅरी मलनचे, ड्रम जिन्याच्या तळाशी मांडून तो घुमारा मिळवला होता, असं कुठेसं वाचलं, म्हणून आम्हीही एकदा स्नेअर कॉलेजच्या जिन्याखाली नेला. शिपायाने दोन मिनिटांत हाकललं, पण आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत गेला होता.

गॅदरिंगच्या रात्री आमच्या गायकाने माईक हातात घेतला, मूठ वर केली आणि जाहीर केलं, "हे क्रांतीचं गाणं! आयर्लंडसाठी बंदूक उचलणाऱ्यांना अर्पण!" पोरांनी टाळ्या पिटल्या. तो वळून माझ्याकडे बघायला लागला. मी काठ्या मांडीवर ठेवल्या.

"वाजव ना!"

"आधी ते मागे घे."

त्याने मागे घेतलं नाही, मी ठोका दिला नाही. शेवटी गिटारवाल्याने दुसरंच गाणं सुरू करून वेळ मारून नेली. खाली उतरल्यावर गायक मला भेकड म्हणाला. बाजू न घेणारे सगळे भेकड असतात, म्हणाला. त्यानंतर आम्ही एकत्र वाजवलं नाही.

आता त्याचं म्हणणं तपासू. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने नागरी हक्कांच्या मोर्च्यावर गोळीबार केला. लोक निःशस्त्र होते. १३ जण त्याच दिवशी गेले, जखमींपैकी एक नंतर. गाणं त्यावरचं आहे. पण यू-टूचा गिटारवादक एज याने लिहिलेल्या कच्च्या खर्ड्यात सुरुवातीलाच आयआरए (ब्रिटनपासून सुटून आयर्लंड एक व्हावं म्हणून लढणारे) आणि यूडीए (ब्रिटनसोबतच राहू म्हणणारे) अशी दोन्हीकडच्या बंदूकवाल्यांची नावं होती, यांच्या हक्कांच्या गोष्टी मला सांगू नका अशा अर्थाची. ती ओळ पुढे काढली, कारण तिच्यामुळे गाणाऱ्यांच्याच जिवावर बेतलं असतं. डिसेंबर १९८२ मध्ये, अल्बम यायच्याही आधी, हे गाणं त्यांनी बेलफास्टमध्ये गायलं, आणि आवडलं नाही तर पुन्हा इथे वाजवणार नाही असं सांगून गायलं. १९८३ च्या दौऱ्यात यू-टूचा गायक बोनो पांढरा झेंडा घेऊन फिरायचा आणि गाण्याआधी सांगायचा, हे बंडाचं गाणं नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्याच एनिस्किलनला युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात आयआरएच्या बॉम्बने ११ माणसं मारली, त्या रात्री अमेरिकेत डेन्व्हरच्या मंचावर तो या गाण्याच्या मध्येच संतापाने क्रांतीवाल्यांवर तुटून पडला. याला भेकड म्हणायचं? ज्या देशात दोन्हीकडून गोळी येऊ शकते तिथे दोघांनाही नको म्हणायला छाती लागते. पुण्यात मूठ वर करायला काय लागतं?

बाकीच्या अल्बमबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी १९८३, निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट. आधीच्या 'ऑक्टोबर' अल्बममधली धूसर गिटार इथे कोरडी, धारदार झाली. 'न्यू इयर्स डे' हे बोनोने बायकोसाठी लिहायला घेतलेलं प्रेमगाणं. पोलंडमध्ये लष्करी कायदा लागून कामगार नेता लेक वालेन्सा स्थानबद्ध झाला आणि गाणं त्याच्या 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेकडे वळलं. 'सेकंड्स' अणुबॉम्बवर, त्याची सुरुवात एज गातो. शेवटचं '४०' बायबलमधल्या चाळिसाव्या स्तोत्रावरून, स्टुडिओची वेळ संपत आलेली असताना घाईत केलेलं, तरी अप्रतिम. हा अल्बम ब्रिटनमध्ये मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला खाली ढकलून पहिल्या क्रमांकावर गेला. घोषणाबाज असता तर इतक्या लोकांनी घरी नेला नसता.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, आणि ती मला उशिरा कळली. गाण्यात गोळी कोणी झाडली याचा उल्लेखच नाही. डेरीत मेलेल्यांच्या घरच्यांना ती हत्या असमर्थनीय होती हे ब्रिटिश पंतप्रधानांच्या तोंडून ऐकायला जून २०१० उजाडावं लागलं. त्यांच्यापैकी कुणी म्हणालं की हे गाणं आम्हाला पुरेसं नाही, तर मी वाद घालणार नाही. आमच्या गायकाशी घालीन.

१५ डिसेंबर २०१९ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू-टू आले. वार रविवारच. लॅरी आधी येऊन ड्रमवर बसला आणि पहिलाच तो ठोका. माझी मनगटं आपोआप हलायला लागली. त्या रात्री गायकाला मी पंचवीस वर्षांनी मेसेज केला: "आज बरोबर वाजलं." त्याने वाचला, उत्तर दिलं नाही.

हां, सुरुवात कुठून. 'न्यू इयर्स डे'पासून करा, मग 'संडे ब्लडी संडे', तेही हेडफोन लावून. 'रेड लाइट' गाळलंत तरी चालेल.