वजन किती वाढलं तर चालतं? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, माझी उंची १५५ सेंमी, दिवस गेले तेव्हा वजन ७८ किलो होतं. आता २२वा आठवडा संपत आलाय आणि वजन ८२. सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा, तपासणीला गेलं की काटा बघून ओरडा बसतो, आणि मैत्रीण म्हणते माझं १४ किलो वाढलं होतं, काही झालं नाही. कुणाचं ऐकू? डाएट सुरू करू का?

उत्तर : ताई, आधी डाएटचं डोक्यातून काढा. गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं, जाडी असली तरी नाही. खाणं खूप तोडलं की शरीर चरबी जाळायला लागतं, चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात वाढतात, आणि बाळ कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. वजन फक्त हळू वाढू द्यायचंय, बस.

आता हिशोब. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, दिवस गेले तेव्हाच्या वजनावर साधारण ३२ येतो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये जे आकडे दिले ते अजूनही बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्यात बीएमआय ३० किंवा वर असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत मिळून ५ ते ९ किलो वाढ ठीक धरतात आणि बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते १६. म्हणजे मैत्रिणीचे १४ किलो तिच्या बीएमआयला कदाचित बरोबर असतील, तुम्हाला लागू नाहीत. पहिल्या तीन महिन्यांनंतर तुमच्यासारखीला आठवड्याला साधारण २२० ग्रॅम. उरलेले १८ आठवडे धरले तर अजून चारेक किलो, आधीचे चार, झाले आठ. म्हणजे तुम्ही रेषेच्या आतच आहात, ओरडा कशासाठी बसतोय तेच कळत नाही. (आणि ओरडून कुणाचं वजन आटोक्यात येत नाही, बाई पुढची तपासणी चुकवते एवढंच होतं.)

तुम्ही म्हणाल बाळच तीन किलोचं, मग ५ किलोत भागतं कसं? बाळ तीन-साडेतीन, वार (प्लासेंटा) पाऊण किलोच्या आसपास, गर्भजल किलोभर, गर्भपिशवी किलोभर, वाढलेलं रक्त दीडेक किलो, त्यात स्तनांची वाढ आणि अंगात साठलेलं पाणी, हे सगळं मिळून आठ-नऊ किलो सहज होतात. बाकीच्या बायकांत याच्यावर तीनेक किलो चरबी साठते, पुढे अंगावर पाजायला ती लागते. तुमच्याकडे तो साठा आधीच आहे आणि त्यातला थोडा वापरलाही जातो, म्हणून काट्यावर वाढ कमी दिसते आणि तरी बाळ व्यवस्थित वाढत असतं.

सासूबाईंना सांगा दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नव्हे. दुसऱ्या तिमाहीत दिवसाला ३४० आणि तिसऱ्या तिमाहीत ४५० कॅलरी जास्त लागतात असं सांगतात, तेही बीएमआय नॉर्मल असेल तर, तुम्हाला त्याहून कमी पुरतं. पोटभर जेवा, प्रोटीन आणि भाज्या वाढवा, गोड पेयं आणि सारखं चरणं तेवढं बंद करा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं चालणं, म्हणजे रोज अर्धा तास आणि दोन दिवस सुट्टी. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा वेग ठेवा.

आणखी एक, शुगरची टेस्ट सुरुवातीला नॉर्मल आली असली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायची, वजन जास्त असलं की त्या काळातली डायबेटीस, बीपी, मोठं बाळ आणि सिझर यांची शक्यता जास्त असते. वजन घरी बघायचं तर आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर. रोज बघाल तर नुसती झोप उडेल.

प्रश्न : बायकोचा बीएमआय ३४. उलट्यांमुळे तिसऱ्या महिन्यापर्यंत तिचं २ किलो उतरलं. बाळाला त्रास होईल का?

उत्तर : सुरुवातीला उलट्यांनी थोडं उतरणं खूप जणींना होतं आणि नंतर भरून निघतं. पण पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा वजन उतरतच असेल तर थांबू नका, दाखवा. "बरंच आहे की, आपोआप उतरतंय" असं घरात कुणी म्हणत असेल तर तुम्हीच गप्प करा त्यांना.

प्रश्न : ३३वा आठवडा, सात दिवसांत दोन किलो वाढले, चेहरा आणि हात सुजलेत. खाणं कमी करू का?

उत्तर : खाण्याचा याच्याशी संबंध नसावा. एवढ्या झटक्यात वाढतं ते बहुतेक पाणी, आणि सोबत चेहऱ्यावर सूज म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोक्याचा आजार, असू शकतो. आजच्या आज बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या, आणि डोकं जोरात दुखत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा वरच्या पोटात दुखत असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.