वाचक विचारतात : गल्लीचं नाव कुठून आलं?

प्रश्न : आमची वसाहत बेळगावजवळच्या हिंडलग्याकडच्या टेकडीच्या उतारावर आहे. पूर्वी इथे शेती होती. एका गल्लीला देवाचं नाव, एकीला कुणाचं तरी आडनाव, आणि जिला सगळे 'पाणंद' म्हणतात तिच्या पाटीवर 'तिसरा क्रॉस'. नावांचा शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : नावामागची गोष्ट शेवटी विचारा. आधी दोनच गोष्टी पक्क्या करा : नाव नेमकं कोणत्या जमिनीवर आहे आणि कागदावर पहिल्यांदा कधी दिसतं.

एका वहीत प्रत्येक गल्लीसाठी चार रकाने पाडा : पाटीवरचं नाव, घरपट्टीच्या पावतीवरचं, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) बिलावरचं आणि लोकांच्या तोंडचं. चारही एकसारखी निघाली तर काम सोपं. पण तसं क्वचितच होतं. तोंडचं नाव बहुधा सर्वांत जुनं असतं. तुमची 'पाणंद' तसलीच दिसते. लेआऊट (प्लॉटांची आखणी) पडला तेव्हा शेतात जायच्या वाटेचाच रस्ता झाला असावा आणि 'क्रॉस' हा आकडा नकाशा काढणाऱ्याने दिला असावा.

मग गल्लीतल्या दोन-तीन घरांची जुनी खरेदीखतं मिळवा आणि त्यांतली चतुःसीमा वाचा. 'पूर्वेस अमक्याचा बांध, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस ओढा' असा मजकूर तिथे असतो. देवस्थान, विहीर, माळ यांची विसरलेली नावं जितकी चतुःसीमेत सापडतात, तितकी दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. खरेदीखतावरून सर्व्हे नंबर मिळाला की त्याचा जुना उतारा, फेरफार, गावनकाशा आणि टिपण (मोजणीच्या मापांचा कागद) मागवा. इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला घोळ नंबरांचा. वाटण्या झाल्या की १२ नंबरचे १२/१, १२/२ होतात. पुढे सिटी सर्व्हे झाला की सगळे आकडे नव्याने पडतात. जुना आणि नवा नंबर शेजारी-शेजारी लिहून ठेवला नाही तर भलत्याच शेताचा इतिहास लिहून मोकळे व्हाल. दुसरा घोळ मापांचा. टिपणावरची मापं साखळी-आण्यात असतात. साखळी ३३ फुटांची, एका साखळीचे आणे १६. '८ साखळी ४ आणे' म्हणजे सव्वाआठ साखळ्या, सुमारे २७२ फूट. ८.४ समजून हिशेब केलात तर एका बांधात पाच फूट चुकतात, आणि अशा चार-पाच बांधांनंतर गल्ली शेजारच्या सर्व्हे नंबरात जाऊन बसते.

उतार समजण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची पत्रकं घ्या. बेळगाव ७४° ३०′ रेखांशाच्या अगदी काठावर आहे, म्हणून ४८ आय/९ आणि पश्चिमेचं ४८ आय/५ अशी दोन्ही लागतील. त्यांत गल्ल्यांची नावं नसतात, पण ओढे आणि समोच्च रेषा असतात. वाकडीतिकडी गल्ली ओढ्याच्या काठाने चालली असेल तर ते तिथे लगेच कळतं.

पाटीचं नाव अधिकृतपणे कधी दिलं, हे सभेच्या ठरावात सापडेल. तेव्हा तो भाग ग्रामपंचायतीत होता की नगरपालिकेत, हे आधी ठरवा. कागद त्या-त्या संस्थेकडे शोधायचे. बेळगावची महानगरपालिका १९७६ ची, त्याआधीचे ठराव नगरपालिकेच्या दप्तरातले. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'हे नाव का दिलं?' असं विचारू नका. असलेला कागद देणं एवढंच कार्यालयावर बंधनकारक आहे, कारणमीमांसा नाही. 'नामकरणाच्या ठरावाची व सोबतच्या नकाशाची प्रत' असं मागा आणि अंदाजे सालं द्या.

आणि म्हाताऱ्या माणसांकडे जाल तेव्हा 'हे नाव कशावरून पडलं?' हा प्रश्न टाळा. त्यावर ऐकीव गोष्ट हमखास मिळते, कधी तिथल्या तिथे तयार झालेलीही. 'पाटी नव्हती तेव्हा रिक्षावाल्याला काय सांगायचात?' असं विचारा.

प्रश्न : आमच्या भागाचं नाव जुन्या कागदात 'केरी' असं आहे. कुणी म्हणतं तिथे तळं होतं. खरं का? (खानापूर)

उत्तर : कन्नडमध्ये केरी म्हणजे आळी, वस्ती. तळ्याला केरे म्हणतात, आणि त्यातले दोन्ही 'ए' ऱ्हस्व. मराठी लिपीत ऱ्हस्व 'ए' नाही, त्यामुळे कारकुनाने कानाला येईल ते लिहिलं. कन्नड लिपीतला कागद मिळवा, तिथे फरक स्पष्ट दिसतो. उतारावर तळं असायचं तर बांध हवाच, म्हणून नकाशावर बांध शोधा. अशीच फसगत हळ्ळ आणि हळ्ळी यांत होते : पहिला ओढा, दुसरं गाव. ओणी म्हणजे गल्ली, गुड्ड म्हणजे टेकडी.

प्रश्न : घरातल्या मोडी कागदावर 'सलास अशर मयातैन अलफ' आहे. साल कोणतं? (शहापूर)

उत्तर : सलास अशर १३, मयातैन २००, अलफ १०००, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली, अरबी आकड्यांत लिहायची कालगणना) १२१३. हे वर्ष मृगापासून धरतात. इसवी सन काढायला, जून ते डिसेंबरचा कागद असेल तर ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंतचा असेल तर ६००. म्हणजे १८१२-१३. फसली (महसुली) सन असेल तर ५९० किंवा ५९१, शक असेल तर ७८ (जानेवारी ते पाडवा ७९). मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घावर आणि शब्द तोडण्यावर भिस्त ठेवू नका. मोडीत शब्द सलग लिहिले जातात, त्यामुळे एका नावाची दोन होतात.

तुम्ही शहापूरचे, म्हणून आणखी एक. शहापूर संस्थानं विलीन होईपर्यंत सांगली संस्थानात होतं, बेळगाव मुंबई इलाख्यात. खडेबाजार दोन्हीकडे आहे. 'खडेबाजार' एवढाच उल्लेख असेल तर कागद कोणत्या अंमलातला, हे शिक्क्यावरून आधी ठरवा.

प्रश्न : टिळकवाडीत 'ठळकवाडी' नावाचं हायस्कूल आहे. पाटी चुकली का? (टिळकवाडी)

उत्तर : पाटी बरोबर आहे. वस्तीचं नाव बदललं तरी शाळा, देऊळ, बसथांबा जुनं नाव धरून राहतात. मात्र दोन नावं सारखी वाजतात म्हणून एक दुसऱ्याचा अपभ्रंश, असं लिहू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या पहिल्या पानांवर 'राहण्याचं ठिकाण' या रकान्यात काय लिहिलंय ते बघा, आणि ते कोणत्या साली बदलतं याची नोंद करा.