घाटावरचं सगळंच कागदावर कशाला?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, कोल्हापुरातच राहते. रविवारी रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर स्केचिंग करते. रेघ चांगली आहे म्हणतात, पण चित्र विस्कळीत दिसतं. क्लासचे सर म्हणाले, तुला रचनेची जाण नाही. बाबा म्हणतात, मग इंजिनिअरिंगच बघ. बीएफएचा, म्हणजे चित्रकलेच्या पदवीचा, नाद सोडू का?

उत्तर : तू पाठवलेलं घाटाचं स्केच समोर ठेवूनच लिहितोय. दीपमाळा, देवळं, पायऱ्या, धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी, लांबचा शिवाजी पूल, वर ढगही. सगळं सारख्याच ठसठशीतपणे. जाण नाही हे मला पटत नाही. तुला काही सोडवत नाही, एवढंच. आणि हे सवयीनं सुटतं.

एका जुन्या लग्नपत्रिकेला तुझ्या कागदाच्या प्रमाणात खिडकी काप. एक डोळा मिटून तिच्यातून बघ, पुढे-मागे कर. मग वहीत काडेपेटीएवढ्या चार-पाच चौकटी आखून प्रत्येकीत दोन मिनिटांत फक्त उजेड, मधली छटा आणि काळोख भर. माणसांना नाक-डोळे नकोत. जी चौकट लांबूनही वाचता येईल, ती मोठ्या कागदावर घे.

जागाही बदलून बघ. वरच्या रस्त्यावरून पाणी ऐसपैस पसरलेलं दिसतं. अगदी खालच्या पायरीवर बसलीस की त्याची नुसती पट्टी उरते आणि दीपमाळा आभाळात चढतात. घाट तोच, पण डोळ्यांची पातळी उतरली की चित्र पालटतं. तुझी क्षितिजरेषा मात्र प्रत्येक स्केचमध्ये बरोबर मधोमध आहे. ती एकदा वर, एकदा खाली नेऊन बघ.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर, जिथे समोरच दूध काढून देतात, तिथल्या म्हशी काही तुझ्यासाठी थांबणार नाहीत. तिथे आधी पाठीचा काळा मोठा आकार टाक, माणसं नंतर बसव. बादली अडचणीची वाटली तर खुशाल बाजूला सरकव, कोणी भांडायला येत नाही.

परीक्षेत मात्र बादली सरकवता येत नाही. बीएफएच्या सीईटीत वस्तुचित्र, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायचं चित्र, असतं. मांडणी दुसऱ्याची, बसायची जागाही मिळेल ती. तुझ्या हातात उरतं ते एवढंच : कागद उभा की आडवा, वस्तू किती मोठ्या, भोवती रिकामं किती. म्हणून पहिल्यांदा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चार टोकं खुणांनी बांधून घे. बरेच जण तांब्यापासून सुरुवात करतात आणि शेवटी केळी कागदाबाहेर जातात.

बाबांना सांग, वाटा दोनच नाहीत. सायन्सला गणित असेल तर आर्किटेक्चरसाठी नाटा ही प्रवेशपरीक्षा आहे. डिझाइनसाठी आयआयटी मुंबईची यूसीड ही परीक्षा आहे, तिच्यातही हातानं चित्र काढावं लागतं. बीएफएच करायचं ठरलं तर मुंबईत जे. जे. कला महाविद्यालय आहे. चित्रकला शिकायला कोल्हापुरातही दळवीज आणि कलानिकेतन या संस्था आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे आपले बाबूराव पेंटर मूळचे चित्रकारच, हेही बोलता बोलता त्यांच्या कानावर घाल.

बारावीची परीक्षा होईपर्यंत रविवारची सकाळ तेवढी राख. एकाच घाटाच्या वीस छोट्या चौकटी झाल्या की त्यांचे फोटो पाठव. मोठं चित्र एकही नको.