टीव्ही निघाला, झोपाळा टांगायचाय, भिंत पाडायचीय: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत एक गंमत दिसली. स्क्रू कुठला घेऊ, केवढा घेऊ हे सगळ्यांनी विचारलंय, पण भिंत कसली आहे ते एकानेही लिहिलेलं नाही. त्यामुळे बऱ्याच उत्तरांची सुरुवात तिथूनच करतोय.

प्रश्न (वाकड, पुणे): नवीन फ्लॅटमध्ये ५५ इंची टीव्ही बाहेर ओढता येणाऱ्या ब्रॅकेटवर लावला होता. वरचे दोन स्क्रू प्लास्टरसकट बाहेर आलेत. आता त्याच जागी जाड स्क्रू मारला तर चालेल का?

नाही चालणार, उलट भोक अजून मोठं होईल. आधी त्या भोकातली पावडर बोटावर घेऊन बघा. लालसर असेल तर वीट, करडी असेल आणि ड्रिल पुढे सरकता सरकत नसेल तर काँक्रीट, आणि पांढरट, पिठासारखी मऊ असेल तर सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक. नवीन बिल्डिंग म्हणताय म्हणजे बहुतेक हेच निघणार. या ब्लॉकमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, वजन घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, विटेच्या एक तृतीयांश धरा. बिल्डरला ते परवडतं, इमारतीलाही बरं, पण साधी प्लास्टिकची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती नळी) फुगून पकड घेते तेव्हा आजूबाजूचा ब्लॉक चुरून जातो आणि पकड राहतच नाही. त्यात इलेक्ट्रिशियन हॅमर मोडवर, म्हणजे ठोके देत, ड्रिल मारतो, मग ८ एमएमचं भोक आतून १० चं झालेलं असतं आणि बाहेरून कळतही नाही.

दुसरं म्हणजे तुमचं ब्रॅकेट. टीव्ही समजा १६ किलोचा, भिंतीपासून ४० सेंमी बाहेर ओढला, आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमधलं अंतर २० सेंमी, तर वरच्या दोन स्क्रूंवर मिळून ३२ किलोची सरळ बाहेर ओढणारी ताकद येते. वर मुलं टीव्ही इकडून तिकडे फिरवतात ते वेगळंच. दुकानदार 'पन्नास किलोचा स्क्रू आहे साहेब' म्हणतो तो आकडा काँक्रीटमधला असतो हो, सिपोरेक्समधला नाही.

करायचं काय तर जुनी भोकं सोडा, तीनचार इंच बाजूला सरका. भिंतीच्या पलीकडे तुमचीच बेडरूम असेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे आरपार बोल्ट आणि पलीकडून मोठी पट्टी, वर रंग मारला की दिसत नाही. ते नको असेल तर १८ एमएमचा चांगला प्लाय, ब्रॅकेटपेक्षा बराच मोठा, सातआठ ठिकाणी एएसीसाठीच्या खास लांब गिट्ट्यांनी भिंतीला लावायचा आणि ब्रॅकेट त्या प्लायवर बोल्टने बसवायचं. गिट्टी पूर्णच्या पूर्ण प्लास्टरच्या आत, ब्लॉकमध्ये गेली पाहिजे, प्लास्टर धरून लांबी मोजू नका. हॅमर बंद. आणि खरं सांगू का, बाहेर ओढायचं ब्रॅकेट लागतंच असं नाही, भिंतीला चिकटून बसणारं घेतलंत तर निम्मं टेन्शन तिथेच गेलं.

प्रश्न (ठाणे): चौदा मजली, २०१८ ची बिल्डिंग. किचन आणि हॉलमधली भिंत पाडून ओपन किचन करायचंय आणि हॉलमध्ये दुसरीकडे विटेची भिंत घालून छोटी स्टडी काढायचीये. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो भिंत ४ इंचीच आहे, बिनधास्त पाडू.

'४ इंची आहे' हे कारण मला अजिबात पटत नाही. जुन्या कॉलम-बीमच्या बिल्डिंगमध्ये ठीक होतं, तिथे ९ इंची किंवा ४ इंची दोन्ही भिंती नुसत्या आडोशाला असायच्या, वजन कॉलम घ्यायचे. पण आता उंच इमारती मायवनने बांधतात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात, आणि तिथे ४ इंची भिंतसुद्धा सळया घातलेली आरसीसी असू शकते आणि वरच्या सगळ्या मजल्यांचं वजन ती खाली नेत असू शकते. अशा भिंतीत दाराएवढं भोकसुद्धा पाडायचं नसतं. एसीच्या पाइपसाठी कोअर कटिंग (मशीनने गोल भोक कापणं) करतानाही सळई तुटणार नाही ना ते बघावं लागतं, हे तर भिंत उडवायला निघालेत.

वायर जात नसेल अशा ठिकाणी ६ एमएमचं एक भोक मारून पावडर बघा (वर सांगितलं तसं). करडी आणि कडक निघाली तर विषय संपला, किचन बंदच ठेवा. ब्लॉकची निघाली तरी सोसायटीकडून बिल्डिंगचे आरसीसी ड्रॉइंग मागवा, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, सोसायटीची आणि लागत असेल तर महापालिकेची परवानगी घ्या, मगच हातोडा. पाइप गॅसची लाइन असेल तर ती गॅस कंपनीचीच माणसं हलवतील, प्लंबरला हात लावू देऊ नका.

आणि ती विटेची स्टडी विसरा बरं का. दोन्हीकडून प्लास्टर केलेली ४ इंची विटेची भिंत तीन मीटर उंच घेतली तर एका मीटर लांबीला साधारण ८०० किलो भरते. खाली बीम नसेल तर हे सगळं स्लॅबच्या मधोमध. घरातला स्लॅब वापराच्या वजनासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात, म्हणजे बघा. जिप्सम बोर्डची पार्टिशन घाला, आत रॉकवूल भरा, आवाजही कमी येईल.

गिरगावात किंवा पुण्याच्या पेठांत जुन्या लोडबेअरिंग घरात राहणाऱ्यांनी हे उत्तर स्वतःला लावू नये. तिथे कॉलमच नसतात, भिंतच सगळं उचलते. इंजिनिअरशिवाय एक वीटही नाही.

प्रश्न (नाशिक): आईला हॉलमध्ये सागवानी झोपाळा हवाय. बिल्डिंग २२ वर्षांची, स्लॅब ५ इंची. मिस्त्री म्हणतो चार अँकर फास्टनर मारतो. फॅनच्या हुकाला लावलं तर?

फॅनच्या हुकाला नाही, कधीच नाही. तो फॅनच्या वजनासाठी आहे.

झोपाळ्याचं गणित लोक नुसत्या वजनावर करतात तिथेच चुकतं. पाट आणि कड्या ५० किलो, वर तीन माणसं, झाले २५० च्या आसपास. आता झोका घेतला की खालून जाताना कड्यांवरचा ताण वाढतो: ३० अंशाचा झोका असेल तर सव्वापट, ४५ अंशाचा असेल तर जवळजवळ १.६ पट. म्हणजे २५० चे ४०० होतात, आणि चारही कड्या कधीच सारख्या ताणलेल्या नसतात, बराच भार दोनतीनच हुकांवर येतो. शिवाय हे दिवसातून शेकडो वेळा ओढ-सैल, ओढ-सैल असं चालतं, आणि मिस्त्री म्हणतो तो, भोकात फुगून पकड घेणारा अँकर त्यानेच हळूहळू ढिला होतो. स्लॅबचा मधला खालचा भाग तसाही ताणात असतो, तिथे बारीक भेगा असतात, त्यामुळे पकड आणखी कमी.

मग केमिकल अँकर, म्हणजे भोकात गोंदासारखं केमिकल भरून त्यात बसवलेला बोल्ट, वापरू का, असं पुढचा माणूस विचारतोच. चांगली चीज आहे, पण भोक ब्रशने घासून, फुंकून, परत घासून साफ केलं नाही तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. आणि डोक्यावर सतत लटकणाऱ्या वजनाला प्रत्येक केमिकल चालत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या एका बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनेल गाडीवर कोसळून एक बाई गेली, चौकशीत निघालं की अँकर ज्या इपॉक्सीत (हे असंच एक केमिकल) बसवले होते ते सततच्या ओढीने हळूहळू सरकत गेलं. तेव्हा डबीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

तुमच्यासाठी पर्याय असा. वर तुमचीच गच्ची असेल तर आरपार बोल्ट, वर स्टीलची प्लेट आणि त्यावर नीट वॉटरप्रूफिंग. वर शेजारी असतील तर दोन बीमच्या मध्ये स्टीलचा पाइप किंवा आय-सेक्शन (इंग्रजी I च्या आकाराचा गर्डर) बसवायचा, त्याच्या टोकांची पकड बीमच्या बाजूला, आणि झोपाळा त्या पाइपला. हे इंजिनिअरला दाखवून, कारण २२ वर्षांच्या स्लॅबची सळई गंजली आहे का तेही बघून होईल. नाहीतर सरळ जमिनीवरचा स्टँडवाला झोपाळा घ्या, थोडी जागा खातो, पण आईला झोका घेताना मनात धाकधूक नको.

प्रश्न (कोल्हापूर): जुन्या फरशीवर नवीन टाइल लावू का, फोडून लावू?

जुनी फरशी ठोकून बघा, पोकळ आवाज नसेल तर वरूनच लावा, पण टाइल ॲडहेसिव्हने. मिस्त्री दोन इंच सिमेंट-वाळू टाकून लावतो म्हणाला तर थांबवा, नुसत्या त्या थराचंच वजन चौरस मीटरला शंभरच्या आसपास किलो होतं. दारं खाली घासतील तेवढी आधीच कापून घ्या. बाथरूममध्ये मात्र आधी गळती आहे का ते बघा, नाहीतर नव्या टाइलखाली जुना आजार.

प्रश्न (डोंबिवली): हॉलच्या स्लॅबचा पोपडा पडला, सळया दिसतायत. पीओपीचं फॉल्स सीलिंग करून झाकून टाकू का?

प्लीज नको. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो, म्हणजे पोपडा पडला ही सुरुवात आहे. वर पीओपी लावलंत तर पुढचा पोपडा त्यावर पडेल आणि तोवर तुम्हाला दिसणारही नाही. आधी वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा गच्ची, पाणी कुठून येतंय ते बंद करा. मग सुटलेलं काँक्रीट पूर्ण काढा, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, गंजरोधक लावा, आणि पॉलिमर मॉर्टरने भरा. नुसतं सिमेंट थापू नका, ते पावसाळ्यात परत पडतं. सळईचा व्यास स्पष्ट कमी झालेला दिसला तर हे घरच्या घरी करायचं काम नाही, इंजिनिअरला बोलवा. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का तेही सेक्रेटरींना विचारा: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी, त्यावरच्यांचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. सीलिंगचं डिझाइन आवडलं असेल तर फोनमध्ये ठेवा, एक पावसाळा कोरडा गेला की मग करा.