बॅगेतलं तूप काढून ठेव

सप्रेम आशीर्वाद.

जर्मनीचा व्हिसा लागला, तिकीट झालं, आता घरी बॅग भरायचा सोहळा चालू असेल आणि कुणीतरी साजूक तुपाचा डबा हातात धरून उभं असेल. तो डबा राहू दे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर सगळं बाद. ताजा कढीपत्ताही नको, वाळवलेला घे. जर्मनीत उतरल्यावर जकातवाल्यांनी उघडलेल्या बॅगेतून आजीचं तूप कचऱ्यात जाताना बघण्यापेक्षा ते घरी पोळीवर गेलेलं बरं.

तूप तिथल्या प्रत्येक सुपरमार्केटात मिळतं. डब्यावर ‘बुटरश्माल्त्स’ लिहिलेलं असतं. पण नुसतं ‘श्माल्त्स’ दिसलं तर हात आखड, ती बहुतेक डुकराची किंवा हंसबदकाची चरबी असते. दोन्ही डबे शेजारी असू शकतात, म्हणून नाव नीट वाच. शाकाहारी असशील तर असे चार शब्द विमानातच पाठ कर: श्माल्त्स, ‘श्पेक’, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, जे परतलेल्या बटाट्यात आणि मसुराच्या सुपातही बिनबोभाट घातलेले असतात, ‘गेलाटीन’, जे चघळायच्या मऊ गोड गोळ्यांमध्ये आणि काही दह्याच्या गोड पदार्थांत असतं, आणि ‘लाब’, म्हणजे चीज विरजण्यासाठी वापरतात ते, बहुधा वासराच्या पोटातलं. ‘मिक्रोबिएलेस लाब’ लिहिलं असेल तर ते चालतं. दुकानात ‘हे शाकाहारी आहे का’ असं विचारून भागत नाही, कारण तिथे मासे खाणाराही कधीकधी स्वतःला शाकाहारी म्हणवतो. ‘यात मांस, मासे, चरबी आहे का’ असं एकेक विचार.

बॅगेत जागा कशाला द्यायची, तर जे तिथे सहज मिळत नाही त्याला: गोडा मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट, थालिपिठाची भाजणी. प्रत्येकी पाव ते अर्धा किलो पुरे. डाळ-तांदूळ वाहून नेऊ नकोस. मसुराची डाळ ‘रोटे लिन्झन’ नावाने कुठेही मिळते, तूरडाळ भारतीय दुकानात. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, हिरव्या मिरच्या तुर्की दुकानात ताज्या आणि बऱ्याचदा स्वस्त असतात. गुरगुट्या भातासाठी ‘मिल्शराइस’ नावाचा आखूड तांदूळ आण. आंबेमोहोराचा वास नाही, पण शिजून मऊ होतो. उपमा-शिऱ्याला रवा घेताना ‘हार्टवाइत्सन’ बघ. ‘वाइशवाइत्सन’चा रवा पटकन लगदा होतो. कुकर न्यायचा तर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा, नुसता ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापणारच नाही. सोबत जादा रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठेव. रबर सैल झालं की कुकर नुसता फसफसतो आणि त्या मापाचं रबर तिथे शोधण्यात महिना जातो.

आता पोळी. इथे बहुतेकांची पहिल्या आठवड्यात फजिती होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जर्मन गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. क्षार कोंड्यात असतात, त्यामुळे आकडा मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळपास मैदा. ‘फोलकोर्न’ म्हणजे अख्ख्या दाण्याचं पीठ, त्याला आकडा नसतो. नाव वाचून वाटतं की हीच आपली कणीक, पण त्यातला कोंडा जाडसर असतो आणि पाणी सावकाश पितो. मळल्या मळल्या लाटलंस तर कडा फाटतात आणि पोळी पापडासारखी होते. १०० ग्रॅम फोलकोर्न आणि १०० ग्रॅम ५५० एकत्र कर. कोमट पाणी आधी १२० मिली घाल, लागलं तर चमचा-चमचा वाढव. चमचाभर तेल, मीठ. नेहमीपेक्षा सैल मळ आणि झाकून पूर्ण अर्धा तास ठेव. त्या अर्ध्या तासात कोंडा भिजतो. पोळी त्यावरच अवलंबून आहे. ‘डिंकेल’ नावाचं पीठ दिसेल, तोही गव्हाचाच भाऊ. त्याची पोळी होते, पण फार मळू नकोस, गोळा ढिला पडतो. आणि ‘रॉगन’ म्हणजे राय, त्याच्या भाकरीच्या फंदात पडू नकोस. हाताला असं चिकटतं की नळाखाली धरूनही सुटत नाही.

तेच राय पावात मात्र खाऊन बघ. काळपट, जड, आंबट पाव पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटतं खराब झालाय. तो आंबटपणा मुद्दाम आणलेला असतो. रायच्या पिठातली विकरं स्टार्च मोडून टाकतात, मग पाव आतून ओला, चिकट राहतो. पीठ आंबवून आम्ल वाढवलं की ती विकरं थंडावतात. आपल्याकडे आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवतात, त्या घरात वाढलेल्या जिभेला हे अवघड जाऊ नये. एका सेंटिमीटरहून जाड काप करू नकोस, वर लोणी आणि चिरलेली कांदापात. पाव फ्रिजमध्ये ठेवलास तर लवकर शिळा होतो. कापडात गुंडाळून बाहेर ठेव. रायचा पाव दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

‘क्वार्क’ नावाचा डबा दिसला की चक्का आठव. डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेला घे, ५०० ग्रॅम, पंचात तीन तास टांग, दीडशे ग्रॅम पिठीसाखर, वेलची. आंबटपणा कमी असतो, म्हणून दोन चमचे दही फेट.

शेगडी काचेची, विजेची असते. इंडक्शनची नसेल तर हळू तापते आणि बंद केल्यावरही तापलेलीच राहते. फोडणीत मोहरी तडतडली म्हणून बटण बंद करून हिंग घालशील तर तो जळेल. भांडंच उचलून बाजूला ठेवायचं. धूर झाला की आपला हात आपोआप स्वयंपाकघराचं दार उघडायला जातो, तिथेच घात होतो. धूर ओळखणारं यंत्र बहुधा मार्गिकेत आणि झोपायच्या खोल्यांत असतं, दार उघडलं की धूर नेमका तिकडे जातो. दार बंद, खिडकी सताड उघडी, मग फोडणी. वसतिगृहात बंब आला तर त्याचं बिल तुझ्या नावावर येऊ शकतं.

खिडकीचं आणखी एक. तिथे थंडीत दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडतात, याला ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात. कुडकुडत असलीस तरी कर. कुकरची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या असं जमलं की दोन महिन्यांत कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. घर सोडताना तिचे पैसे अनामतीतून कापायचा वाद निघतो आणि ती अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. खिडकी दिवसभर तिरकी ठेवल्याने काम होत नाही. भिंत गार पडते, ओल तशीच राहते.

कागदपत्रांचं थोडक्यात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, घरमालकाच्या सहीचा पुराव्याचा कागद आधी मागून ठेव. आणि पहिल्याच दिवशी टपालपेटीवर तुझं आडनाव लाव, चिकटपट्टीने का होईना. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. कर क्रमांक, विमा कार्ड, बँकेचा पिन सगळं टपालानेच येतं. ‘रुंडफुंकबाइट्राग’ नावाची दरमहा १८.३६ युरोची मागणी आली तर फसवणूक समजून फेकू नकोस. ती सरकारमान्य प्रसारण-वर्गणी आहे, घरटी एकच. घरातलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळव.

रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली सोडून. रविवारी आणि रात्री दहानंतर मिक्सर लावू नकोस, शेजारी दार वाजवतील. चटणी शनिवारी वाट. पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबेही टाकू नकोस. एकदा वापरायच्या बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि पत्र्याच्या डब्यांवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटातलं यंत्र ती परत देतं.

राहता राहिलं कुणाच्या घरी जेवायला जाणं. सातची वेळ दिली तर सातला पोच, पावणेसातलाही नाही. वाढताना आपण सवयीने ‘नको, नको’ म्हणतो आणि यजमानाने आग्रह करावा असं धरून चालतो. तिथे पहिलं ‘नको’ खरं मानतात आणि भांडं पुढे सरकतं. आग्रह करणं त्यांना समोरच्याच्या शब्दावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. भूक असेल तर पहिल्याच फेरीला ‘हो, थोडं’ म्हण. आणि संध्याकाळचं जेवण म्हणून गार पाव, चीज आणि काकडी समोर आली तर पाहुणचारात कसूर झाली असं समजू नकोस. अनेक घरांत गरम जेवण दुपारी होतं. त्या संध्याकाळी भाताची वाट बघणार असशील, तर निघताना घरी एक मूठ खाऊन जा.