उचल घेतली, म्हणून तस्करी नाही?

प्रश्न : आमच्या कातकरी वाडीवरील एक जोडपे दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले. मुकादमाने तीस हजार रुपये उचल नवऱ्याच्या हातात ठेवली आणि दोघांना मिळून रोज हजार रुपये मिळतील, असे सांगितले. आता आठवड्याला फक्त खर्ची मिळते आणि उचल फिटेपर्यंत भट्टी सोडू दिली जात नाही. पोलीस म्हणतात, ती आपल्या पायांनी गेली, जिल्ह्याबाहेरही नेलेली नाहीत, मग ही मानवी तस्करी कशी?
– एक वाचक, जि. रायगड

उत्तर : पोलिसांनी सांगितलेली दोन्ही कारणे कायद्यात बसत नाहीत. ‘तस्करी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सीमा येते. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये (१ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांसाठी दंड संहितेचे कलम ३७०) सीमेची किंवा अंतराची अट नाही. शोषणाच्या हेतूने एखाद्याला कामावर घेणे, नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याकडे सोपवणे किंवा ताब्यात घेणे आणि त्यासाठी धमकी, बळ, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा प्रलोभन यांपैकी एखादा मार्ग वापरणे, इतके सिद्ध झाले की गुन्हा पूर्ण होतो. संमतीविषयी तर कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे की, गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती विचारात घ्यायची नाही. शिवाय, ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे देणे हेही प्रलोभनातच मोडते. उचल नवऱ्याला आणि राबणूक दोघांची, या व्यवहारात बायकोला कोणी विचारले होते का, हे म्हणूनच तपासले पाहिजे.

अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. शोषणाच्या व्याख्येत शारीरिक व लैंगिक शोषण, गुलामगिरी, दास्य, भीक मागायला लावणे आणि अवयव काढणे यांचा उल्लेख आहे. वेठबिगारीचे नाव स्वतंत्रपणे घेतलेले नाही. मला ही कायद्यातील गंभीर उणीव वाटते, कारण आपल्याकडे माणसे अडकतात ती बहुधा उचलीतच. तरीही संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकत्रच मनाई आहे आणि दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे म्हणजे सक्तीचे श्रम, असा निर्वाळा दिला. कलम १४३ खाली एका व्यक्तीच्या तस्करीला किमान सात वर्षे सक्तमजुरी आहे आणि इथल्यासारख्या एकाहून अधिक व्यक्ती असतील, तर किमान दहा. सोबत नेलेले मूल अठरा वर्षांखालील असून त्यालाही राबवले जात असेल, तर त्या एका मुलासाठीही किमान दहा.

आपण पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी आणि त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली सुटकेचा अर्ज करावा. त्या कायद्याने अशी उचल फेडण्याची जबाबदारीच संपते, त्यामुळे कलम १४३ सिद्ध व्हायला वेळ लागला तरी जोडप्याला तोवर भट्टीवर थांबावे लागणार नाही. मुकादमाने वाडीवर कोणासमोर काय कबूल केले, ते ऐकणाऱ्यांकडून आत्ताच लिहून घ्यावे आणि जमल्यास खर्चीच्या वहीचा फोटो मिळवावा. फसवणूक नेताना झाली की नंतर, याचा निकाल न्यायालय त्यावरूनच लावेल.